बाटलीतलं ग्लेझ आणि भट्टीतलं ग्लेझ

प्रश्न थोडक्यात असा: लाल मातीचा, आतून-बाहेरून कोरा मग विकत घेतला. हस्तकलेच्या दुकानातून 'ग्लेझ' लिहिलेली बाटली आणून त्यावर दोन हात दिले. वाळल्यावर मग छान चमकला, पण गरम चहा ओतताच आतला थर चिकट झाला आणि वास यायला लागला. घरच्या ओव्हनमध्ये भाजला तर हे ग्लेझ पक्कं होईल का? दुसरं, घरातल्या जुन्या चिनी मातीच्या बरणीच्या आत बारीक रेषांचं जाळं दिसतं. तिच्यात लोणचं घालावं का?

आधी सरळ उत्तरं देतो. त्या मगातून चहा पिऊ नका. ओव्हनमध्ये घालून काही उपयोग नाही, उलट घरभर धूर होईल. बरणीचं उत्तर तिच्या अंगच्या मातीवर अवलंबून आहे आणि ते घरीच तपासता येतं. कसं ते पुढे येईलच, पण त्याआधी ग्लेझ म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर ती तपासणी नुसता तोडगा वाटेल.

तुमच्या बाटलीत होतं ते बहुधा ॲक्रिलिक व्हार्निश, म्हणजे पाण्यात मिसळलेलं एक प्रकारचं प्लास्टिक. पाणी उडून गेलं की पातळ पापुद्रा उरतो. फुलदाणीला, भिंतीवर टांगायच्या मुखवट्याला ते उत्तम. दुकानदाराने फसवलं असंही म्हणता येणार नाही, कारण चमक आणणाऱ्या जवळजवळ प्रत्येक थराला ग्लेझ म्हणायची पद्धत आहे. तैलचित्रकार वाळलेल्या रंगावर पारदर्शक रंगाचा पातळ थर चढवतात, तेही ग्लेझ. बेकरीत भाजण्याआधी ब्रेडवर अंड्याचा किंवा दुधाचा हात फिरवतात, तेही ग्लेझ. इमारतीला काचा बसवण्याच्या कामाला ग्लेझिंग म्हणतात. आकाशकंदिलाचा घोटीव कागद दुकानात 'ग्लेज पेपर' म्हणून मिळतो. गोठवलेल्या कोळंबीवर बर्फाचा जो पातळ थर असतो त्यालाही मासळीच्या धंद्यात ग्लेझच म्हणतात. थंडीत कोळंबी सुकू नये, तिला हवा लागून चव बिघडू नये म्हणून तो देतात. जाता जाता सांगतो, कोळंबीचं पाकीट घेताना बर्फ सोडून निव्वळ वजन किती लिहिलंय ते बघत जा.

कुंभाराचं ग्लेझ या सगळ्यांपासून एका बाबतीत वेगळं आहे. ते वाळून तयार होत नाही, वितळून तयार होतं. ती काच असते, भांड्याच्या अंगावरच घडलेली आणि खालच्या मातीत थोडी मुरलेली. म्हणून ते नखाने निघत नाही आणि उकळत्या चहाने मऊ पडत नाही.

काचेचा मूळ पदार्थ म्हणजे सिलिका, आपली गारगोटी. ती एकटी वितळवायची तर १७०० अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं. एवढी आच स्टुडिओतल्या भट्टीला झेपत नाही, आणि झेपली तरी तोवर भांड्याचीच लापशी होईल. म्हणून तिच्यात वितळायला मदत करणारे पदार्थ घालतात. त्यांना फ्लक्स म्हणतात. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, बोरॉन, आणि पूर्वीच्या काळी सर्रास शिसं. तिसरा घटक ॲल्युमिना. तो चिनी मातीतून येतो आणि वितळलेल्या काचेला घट्टपणा देतो. तो कमी पडला की ग्लेझ ओघळून खाली येतं आणि भांडं भट्टीच्या फळीला कायमचं चिकटतं.

या रसायनातली एक गोष्ट मला अजूनही चकित करते. चुना अडीच हजार अंशांच्या पुढे वितळतो, ॲल्युमिना दोन हजारांच्या पुढे, गारगोटी सतराशेच्या पुढे. तिघेही एकाहून एक हट्टी. पण योग्य प्रमाणात एकत्र आले की तिघे मिळून ११७० अंशांना वितळतात. उंच आचेच्या ग्लेझचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं आहे.

जगभरच्या स्टुडिओंत ४-३-२-१ नावाने ओळखला जाणारा एक साधा पारदर्शक ग्लेझ आहे: ४० भाग पोटॅश फेल्स्पार (पोटॅशियम असलेलं एक खनिज), ३० भाग गारगोटीची पूड, २० भाग चुनखडीची पूड, १० भाग चिनी माती. १२८० ते १३०० अंशांच्या आसपास तो स्वच्छ काचेसारखा उतरतो. त्यातच एक-दोन टक्के लोह घालून भट्टीत हवा कमी ठेवली तर चिनी सेलाडॉनचा हिरवट निळसर रंग येतो, सुंग राजवटीत लुंगच्वानच्या भट्ट्यांनी जगभर पाठवला त्या जातीचा. लोह आठ-दहा टक्क्यांवर नेलं की तोच ग्लेझ काळा-तपकिरी होतो. जपानी लोक त्याला तेम्मोकू म्हणतात. चहाच्या वाटीच्या काठावर तो पातळ होतो, तिथे गंजासारखी तांबूस कड उमटते. रंग म्हणून वेगळं काही घातलेलं नसतं, असतो तो साधा गंजच, कमी-जास्त प्रमाणात.

तांबं तर याहून लहरी. भरपूर हवेत ते हिरवं येतं. भट्टीत हवेचा पुरवठा कोंडला की अर्धवट जळालेला धूर ग्लेझमधल्या ऑक्साइडचा प्राणवायू ओढून घेतो आणि अर्धा टक्का तांबंसुद्धा रक्तासारखा लाल रंग देतं. शहरातल्या छोट्या स्टुडिओंत बहुतेक विजेच्या भट्ट्या असतात, त्यात अशी कोंडी करत नाहीत, कारण तारा खराब होतात. त्यामुळे मुंबई-पुण्यात कोणी विजेच्या भट्टीतला मग दाखवून 'हा अस्सल ताम्र-लाल' म्हणालं तर जरा थांबून चौकशी करा. तो लाल बहुधा तयार स्टेनचा, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या रंगद्रव्याच्या पुडीचा असतो. स्टेन वाईट नसतो, पण त्याची किंमत ताम्र-लालची लावू नये.

आता आच. ग्लेझ कोणत्या तापमानाला पिकतं याला तापमानाइतकाच वेळही जबाबदार असतो. १२०० अंशांना झटकन पोचलेली भट्टी आणि तिथे सावकाश पोचलेली भट्टी यांत ग्लेझ सारखं उतरत नाही. म्हणून कुंभार आकड्यांपेक्षा कोनवर विश्वास ठेवतो. कोन म्हणजे ग्लेझच्याच घटकांचा छोटा, निमुळता सुळका. पुरेशी उष्णता पचली की तो वाकतो. बर्लिनमध्ये हर्मान सेगरने १८८६ मध्ये हे कोन आणले, पुढे अमेरिकेत एडवर्ड ऑर्टनने १८९६ मध्ये त्यांचा कारखाना काढला आणि आजचे क्रमांक बरेचसे त्याचेच. स्टुडिओत 'कोन ६ चं ग्लेझ' असं ऐकलंत तर ते साधारण १२२० ते १२४० अंशांचं, 'कोन १०' म्हणजे १३०० च्या आगेमागे, आणि 'कोन ०४' म्हणजे १०६० च्या जवळपास. घरचा ओव्हन जातो २५० पर्यंत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या आकड्यांतच आहे.

भांड्याला ग्लेझ लावतात कसं? आधी ते हजार अंशांच्या आसपास एकदा कोरं भाजून घेतात, याला बिस्क म्हणतात. तेव्हा ते पक्कं झालेलं असतं, पण पाणी शोषतं. ग्लेझ म्हणजे बारीक दळलेल्या खनिजांचा पाण्यातला काला. त्यात भांडं दोन-तीन सेकंद बुडवलं की माती पाणी ओढून घेते आणि पृष्ठभागावर पुडीचा थर बसतो. बूड पुसून कोरडं ठेवायचं, नाहीतर फळीला चिकटेल. हा थर दिसायला अगदी निराशाजनक असतो: गुलाबी, करडी, खडूसारखी भुकटी. नवशिके विचारतात, 'सर, मी निळा लावला होता ना?' निळा भट्टीतून बाहेर आल्यावर दिसतो.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे माती आणि काच यांचं जमणं. भट्टी थंड होताना दोघीही आकसतात. काच मातीपेक्षा जास्त आकसली तर तिची गत आटलेला सदरा अंगात कोंबल्यासारखी होते. ती ताणली जाते आणि उसवते, म्हणजे तिला केसासारखे तडे जातात. यालाच क्रेझिंग म्हणतात. तुमच्या बरणीतलं जाळं ते हेच. सोडियम-पोटॅशियम भरमसाट असलेल्या ग्लेझमध्ये हे हमखास होतं, कारण ही दोन्ही द्रव्यं तापण्या-निवण्यात काचेला फार फुगवतात आणि आकसवतात. उपाय म्हणजे गारगोटीचं प्रमाण वाढवणं किंवा थोडं बोरॉन आणणं. उलट, काच मातीपेक्षा खूपच कमी आकसली तर कडांवरून तिच्या कपच्या उडतात. तड्यांपेक्षा हे जास्त वाईट. काचेची कपची घासात आली तर काय होईल ते सांगायला नको.

तडे लगेचच जातात असंही नाही. सच्छिद्र माती वर्षानुवर्षं हवेतली ओल पिते, किंचित फुगते आणि वरची काच ताणली जाते. मुंबईच्या जुन्या न्हाणीघरांतल्या पांढऱ्या टाइल्सवर काही वर्षांनी जे जाळं दिसतं, ते बऱ्याचदा असंच आलेलं असतं. भिंतीच्या ग्लेझ टाइलचं अंग मुद्दाम सच्छिद्र ठेवलेलं असतं, ते वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकतं. व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून काचेसारखी दाट केलेली टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पिते.

हेच तडे चीनमध्ये मुद्दाम पाडले गेले. सुंग काळातल्या गे जातीच्या भांड्यांवरचे काळे-सोनेरी तडे हेच त्यांचं सौंदर्य मानलं जातं. फुलदाणीवर मलाही ते आवडतात. लोणच्याच्या बरणीत मात्र त्याच रेषा आपल्याला नको असतात, कारण तडा थेट मातीपर्यंत जातो. माती सच्छिद्र असेल तर तेल, मीठ, आंबट रस आत मुरतात आणि कितीही घासलं तरी निघत नाहीत. माती दाट, पूर्ण पिकलेली असेल तर तडा असूनही आत जायला जागा नसते.

म्हणून बरणीची तपासणी अशी करा. ती स्वच्छ धुऊन, चार-पाच दिवस उन्हात वाळवून घ्या. काठोकाठ पाणी भरून कोरड्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. कागद ओलसर झाला, किंवा बुडाचा बिनग्लेझचा भाग गडद पडला, तर माती पाणी पिते. दुसरी खूण म्हणजे पूर्वी लोणचं घातलं असताना बाहेरच्या अंगावर मिठाची पांढरी फुलं आली होती का, ते आठवा. आली असतील तर ती बरणी डाळी-तांदळाला ठेवा. कागद कोरडा राहिला, बुडाचा रंग बदलला नाही, आणि बोटाने टिचकी मारल्यावर खणखणीत आवाज आला, तर अंग दाट आहे आणि तडा आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. आपली पारंपरिक पांढरी-तपकिरी बरणी स्टोनवेअर जातीची, म्हणजे १२०० अंशांच्या पुढे भाजून दाट केलेली असते. चांगल्या भट्टीतली असेल तर ती सहसा या परीक्षेत उतरते.

पण ही परीक्षा गळतीची झाली. शिशाची वेगळी. शिशाचा फ्लक्स कमी आचेला वितळतो, मातीशी चांगला जमतो आणि त्याच्यासारखी खोल चमक दुसऱ्या कशाला येत नाही. म्हणूनच शेकडो वर्षं कुंभार मुरदाडशिंग आणि शेंदूर वापरत आले. अशी काच नीट घडलेली नसली तर लिंबू, चिंच, व्हिनेगर, कैरीचा रस तिच्यातून शिसं बाहेर काढतो. प्रयोगशाळेत हे तपासतात तेव्हा भांड्यात ४ टक्के ॲसिटिक आम्ल भरून २४ तास ठेवतात आणि आम्लात किती शिसं व कॅडमियम (हाही शिशासारखाच विषारी धातू) उतरलं ते मोजतात. भडक लाल, नारिंगी, पिवळे रंग बरेचदा कॅडमियमचे असतात, तेव्हा ते आतल्या बाजूला असले तर विक्रेत्याला हटकून विचारा.

घरी एक ढोबळ चाचणी करता येते: लिंबाची चकती ग्लेझवर रात्रभर ठेवा. सकाळी त्या जागी रंग फिका पडला किंवा चमक गेली तर ते ग्लेझ आम्लाला टिकत नाही, त्यात खाऊ नका. मात्र चकतीची खूण उठली नाही म्हणून त्यात शिसं नाही असं सिद्ध होत नाही. काही मंडळी समाजमाध्यमांवर ही चाचणी 'लेड टेस्ट' म्हणून दाखवतात, ते चुकीचं आहे. आणि चमक तर कशाचाच पुरावा नाही. माझ्या अनुभवात सगळ्यांत सुरक्षित ग्लेझ अनेकदा दिसायला सगळ्यांत साधी असतात.

महाराष्ट्रात ग्लेझची परंपराच नाही असं कोणी म्हणतं तेव्हा मी त्यांना दौलताबादला जायला सांगतो. किल्ल्यातला चिनी महाल त्याच्या निळ्या चकचकीत टाइल्समुळेच त्या नावाने ओळखला जातो. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने तिथेच कैदेत ठेवलं होतं. शेजारच्या पंधराव्या शतकातल्या चांद मिनारवरही इराणी पद्धतीच्या टाइल्स होत्या. गावातल्या कुंभाराने मात्र ग्लेझ उचललं नाही, आणि त्याचं कारण अडाणीपणा नव्हे. माठाचं पाणी गार होतं ते त्याच्या अंगातून पाझरून उडत राहतं म्हणून. त्याला काच चढवली तर गारवाच गेला.

मुंबईत १८७० च्या दशकात सर ज. जी. कलाशाळेत जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी कुंभारकामाचा विभाग चालवला. सिंधमधली ग्लेझची रीत आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून घेतलेली नक्षी असा त्याचा मेळ होता. गोव्यातला वारसा वेगळा. पणजीच्या मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात १९३५ मध्ये झोर्ज कोलासो यांनी केलेली निळी-पांढरी आझुलेजो, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीच्या ग्लेझ टाइल्सची चित्रं आहेत, विषय पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले. आझुलेजोची पांढरी जमीन कथिलाच्या ऑक्साइडची. ते काचेत विरघळत नाही, कणांच्या रूपात तरंगत राहतं, म्हणून ग्लेझ दुधासारखं अपारदर्शक दिसतं. ही युक्ती नवव्या शतकात इराकमध्ये, बसऱ्याच्या बाजूला, चिनी पांढऱ्या भांड्यांची बरोबरी करण्यासाठी निघाली. स्पेन, इटली, हॉलंडमधलं डेल्फ्ट, पोर्तुगाल असं फिरत ती पणजीच्या भिंतीवर पोचली.

जयपूरची ब्लू पॉटरी तर मातीची नसतेच. गारगोटीची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती, टाकणखार आणि डिंक यांचं ते अंग असतं, आणि ते एकदाच, कमी आचेला भाजतात. या कलेला विसाव्या शतकात नवं आयुष्य देणाऱ्या कृपालसिंह शेखावतांना १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली. सुंदर काम, पण ते शोभेला ठेवा, चहा-सरबताला नको.

कोणाला स्वतः ग्लेझ करून बघायचं असेल तर राखेपासून सुरुवात करा. आंबा-बाभळीच्या लाकडाच्या राखेत चुना भरपूर, म्हणजे तयार फ्लक्स. भाताच्या तुसाच्या आणि उसाच्या चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर. एक वितळवते, दुसरी काच देते. गुऱ्हाळावरून चिपाडाची राख आणून धुऊन-चाळून, लाकडाची राख आणि फेल्स्पार यांच्याबरोबर वेगवेगळ्या प्रमाणात छोट्या टाइल्सवर लावून बघा. प्रत्येक झाडाची, प्रत्येक मातीतली राख वेगळी, त्यामुळे दुसऱ्याचं प्रमाण तुमच्याकडे तसंच उतरणार नाही. राख हाताळताना हातमोजे घाला, ती क्षारयुक्त असते आणि कातडी सोलते. कोरड्या पुडी कालवताना धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून चांगल्या प्रतीचा मास्क लावा. साधं फडकं सिलिकाच्या धुळीला पुरत नाही.

राहिला तुमचा मग. पेन्सिली ठेवायला तो झकास आहे. तरीही त्याला खरं ग्लेझ द्यायचंच असेल तर जवळच्या स्टुडिओला विचारा, पण दोन गोष्टी आधीच सांगा. एक, त्यावर ॲक्रिलिक लावलेलं आहे. ते आधी मोकळ्या हवेशीर भट्टीत जाळून काढावं लागेल आणि ते करायचं की नाही हे भट्टीच्या मालकाने ठरवायचं. दुसरी, मग लाल मातीचा, कुठल्या भट्टीत किती भाजलेला ते माहीत नसलेला आहे. त्यावर कोन ६ चं ग्लेझ लावून १२२० ला नेला तर तो फुगेल, वाकेल, कदाचित वितळून फळीवर बसेल. त्याला कमी आचेचं, १००० ते १०६० अंशांचं बिनशिशाचं ग्लेझच लागेल. एवढ्या खटाटोपाचा खर्च नव्या स्टोनवेअर मगाहून जास्त होईल हेही धरून चाला.